काशीराम घरतच्या घशातले मीठ

पनवेलच्या खाडीकाठी मिठागरांत राबणाऱ्या पुरुषांना एक दुखणे होत असे. त्याला ते 'मीठ चढणे' म्हणत. घसा आवळून येतो, डोळे चुरचुरतात, छातीवर कोणी ओले पोते ठेवल्यासारखे होते आणि हातापायांतला जीव निघून जातो, ही त्याची लक्षणे. कारण शोधायला दूर जावे लागत नसे. दिवाळी सरली की खाडीचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, उन्हाने ते आटवत न्यायचे, आणि खाली बसलेले मीठ लाकडी फळीने ओढून कडेला ढीग घालायचा. हे करता करता माणूस पायांनी खाऱ्या पाण्यात आणि डोक्याने उन्हात महिनेच्या महिने उभा असतो. मग ते मीठ अंगात शिरते आणि वर चढते, असे मिठागराचे शास्त्र होते. उपायही ठरलेला होता. पूर्वी ताडी, दारूबंदीचा कायदा आल्यापासून खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतल्या, तिवरांच्या आडोशाला गाळलेली हातभट्टी. ती घशाखाली गेली की मीठ उतरते याविषयी कोणाला शंका नव्हती, कारण ते खरोखरच उतरत असे.

कामोठे गावच्या काशीराम घरतला हे दुखणे इतरांपेक्षा अधिक वेळा होई. एकोणीसशे त्रेपन्न साली त्याच्या एकुलत्या मुलीचे लग्न झाले तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला, सडसडीत अंगाचा, कमी बोलणारा माणूस होता. प्यायल्यावर तो भांडत नसे, बायकोवर हात टाकत नसे, कोणाच्या दारात उभा राहून शिव्या देत नसे. जिथे असेल तिथे आडवा होऊन झोपून जाई. त्यामुळे गावाच्या लेखी तो गुणी माणूस होता. त्याची बायको वेणू मात्र पाणवठ्यावर म्हणे, "माजा नवरा म्हंजे ओटीवरचा खांब. टेकायला बरा. बोलायला जाल तर आपलाच आवाज ऐकू येतो."

आपल्याला मीठ पहिल्यांदा केव्हा चढले हे सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. काशीरामच्या ध्यानात होते, आणि तो ते गंमत म्हणून सांगत असे. त्याची आई वारली तेव्हा तो लहान होता. सरण पेटवून परतलेली माणसे खाडीच्या बांधावर बसली. ज्यांनी खांदा दिला त्यांना पाजायचे अशी रीत होती, त्याप्रमाणे मडके फिरू लागले. एका कडेला बसलेल्या पोराची छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होते. बापाने त्याच्याकडे पाहिले आणि तो म्हणाला, "पोराला मीठ चढलंय." करवंटीत थोडी ताडी ओतून त्याने ती स्वतःच्या हाताने मुलाच्या ओठांना लावली. भोवतालची माणसे मायेने हसली. पोर झोपले.

त्या बापाला दोष देणे सोपे आहे. रडणाऱ्या मुलाला जवळ घेऊन काय म्हणायचे हे त्यालाही कोणी सांगितलेले नव्हते. त्याच्याजवळ एकच शब्द होता आणि एकच औषध. ती दोन्ही त्याने मुलाला देऊन टाकली. मूल जसे चालणे-बोलणे वडीलधाऱ्यांकडून उचलते, तशीच आपल्या आत जे हलते त्याची नावेही ते त्यांच्याकडूनच उचलते. आणि जे नाव मिळाले नाही ती गोष्ट त्याला पुढे ओळखताही येत नाही, नुसती सोसता येते. काशीरामला पुढच्या आयुष्यात भीती वाटली, राग आला, लाज वाटली, आनंदही झाला. हे सारे पाहुणे एकाच दाराने आत आले आणि त्याने प्रत्येकाला एकाच नावाने हाक मारली. मुकादमाने चारचौघांत त्याच्या ढिगाला नावे ठेवली तेव्हा त्याला मीठ चढले. मुलगी झाली, तिचे नाव मालू ठेवले, त्या बारशाच्या दिवशीही त्याला मीठच चढले.

दारूबंदीचा प्रचार करणारे एक गृहस्थ त्या दिवसांत गावोगाव व्याख्याने देत हिंडत होते. कामोठ्याच्या देवळापुढे त्यांनी रंगीत चित्रे लावून दारूने काळीज कसे सडते ते समजावून सांगितले. काशीराम पुढच्या रांगेत बसला होता. त्याला सगळे पटले. शेवटी त्याने उभे राहून विचारले, "सायेब, समदं खरं. पण मीठ चढलं तर काय करायचं?"

"लिंबाचे पाणी प्यावे," गृहस्थ म्हणाले. "साखर घालून."

माणसे हसली, काशीराम हसला नाही. त्याने घरी जाऊन लिंबाचे पाणी करून घेतले, बरेच दिवस नेमाने प्यायले. घसा ओला झाला. मीठ होते तिथेच राहिले. गृहस्थांचे उत्तर चुकले होते असे म्हणता येणार नाही. त्यांना विचारलेला प्रश्नच दुसऱ्या आजाराचा होता, आणि हे त्यांना कळण्याची काही सोय नव्हती, कारण विचारणाऱ्यालाही ते कळलेले नव्हते.

मालूचे लग्न वैशाखात झाले. उरणजवळ, मोरा बंदराच्या अलीकडच्या एका गावात तिला दिली होती. हळद झाली, बायकांनी धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायले, लग्न लागले, पंगती उठल्या. पाठवणीच्या वेळी मुलीचा हात बापाने सासऱ्याच्या हातात द्यायचा, मग गाडी हलायची. बैल जुंपले, मालू गाडीपाशी उभी राहिली, आणि काशीराम सापडेना. माणसे घराच्या मागे बघून आली, देवळात बघून आली. वऱ्हाडी खोळंबले. मालूची सासू गंगाबाई मोठ्याने म्हणाली, "हात द्यायला बाप नाय नि आमी घ्यायला उभे! भीक मागायला आलोत काय?" शेवटी मिठागराचा मुकादम दाजी, जो घरतांच्या भावकीतला वडील माणूस होता, त्याने पुढे होऊन मालूचा हात गंगाबाईच्या नवऱ्याच्या हातात दिला. गाडी गेली. संध्याकाळी काशीराम मिठाच्या ढिगामागे झोपलेला आढळला.

मालू त्यानंतर माहेरी आली नाही. पहिल्या दिवाळीला सगळ्या नव्या मुली येतात. ती आली नाही. सासरच्यांनी अडवले असेल असे वेणूने गावात सांगितले. दुसऱ्या वर्षी मालूला दिवस गेल्याचे कळले, तेव्हा वेणूचा जीव भांड्यात पडला. पहिले बाळंतपण माहेरीच व्हायचे, त्यात कोणाची आडकाठी चालत नाही. श्रावणात ती मुलीला भेटायला गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली, ती ओटीच्या पायरीवरच बसली.

"येत नाय ती," वेणू म्हणाली.

"कोण?" काशीरामने विचारले.

"कोण म्हंजे? तुमची लेक. बाळंतपणाला येत नाय. सासूला सांगितलंय तिनं, मी हितंच ऱ्हाते. मी पाया पडायचं बाकी ठेवलं."

काशीरामने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

"तुमाला निरोप हाय. जसा दिला तसा सांगते. 'बाला विचार, माजा हात द्यायचा होता तवा तू कुठं होतास. नि प्यालो होतो म्हणून सांगू नको, ते सगळ्या गावाला ठाऊक हाय. प्यायच्या अगोदर काय झालं ते सांग. मी गेले त्याचं तुला काय वाटलं का नाय, तेवडं एक सांग. मग मी येते.'"

"अगोदर?" काशीरामने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "अगोदर मीठ चढलं होतं."

वेणूने पदराने तोंड पुसले. "लेक जाते नि बापाला मीठ चढतं. हेच कळवू तिला? हे ऐकलं तर ती जन्मात पाऊल टाकायची नाय. पयलटकरीण हाय ती. काय बरंवाईट झालं नि मी जवळ नसले तर तुमचं मीठ घेऊन मी काय करू?"

काशीराम उठला आणि पनवेलच्या वाटेला लागला. दारू मिळे तिथे जायला बाजारातून जावे लागे. बाजारात अय्यूबचे दुकान होते. अय्यूब कोकणी मुसलमान, खाडीतल्या मचव्यांना दोरखंड आणि शिडाचे कापड विकणारा. घरतांच्या घराशी त्यांच्या बापांपासूनची ओळख.

"काय काशीराम, कुठली गाडी चुकतेय तुझी?" अय्यूबने आतून हाक दिली.

"जरा जाऊन येतो. मीठ चढलंय."

अय्यूबने हातातले दोरीचे वेटोळे खाली ठेवले. "या खुदा! अरे, श्रावण चाललाय. मिठागरात गुडघाभर पावसाचं पाणी, तिथं बेडकांची बारशी चाललीत, आणि तुला मीठ चढलंय? कुठल्या वखारीतून मागवतोस रे?"

दुकानातली दोन गिऱ्हाइके खो खो हसली. काशीरामही हसला, आणि पुढे जाऊन नेहमीप्रमाणे प्याला. येथे असे सांगता आले असते की तो अर्ध्या वाटेतून परतला, पण तसे झाले नाही. झाले ते एवढेच की सकाळी नशा उतरल्यावर अय्यूबची थट्टा त्याच्या डोक्यात शिल्लक होती.

तो भाताच्या खाचरात उभा राहून तण काढत होता. पाणी घोट्यापर्यंत. त्याने ओंजळीत थोडे घेतले, तोंडात धरले आणि थुंकले. गोडे पाणी. गेले दोन-अडीच महिने त्याने मिठाला हात लावला नव्हता. मग काल घशात आले ते कोठून आले? माणसाला एकदा नीट प्रश्न पडला की त्याला मागची उदाहरणेही दिसू लागतात. बैल गेला तो आषाढात. त्या दिवशी मीठ चढले होते. मालूला लहानपणी ताप भरला तेव्हा भाद्रपद होता. तेव्हाही चढले होते. ऐन चैत्रात, उन्हाच्या भट्टीत, सलग दिवसच्या दिवस एकदाही चढले नाही असेही त्याला आठवले. काशीरामला भीती वगैरे वाटली नाही. भरतीचे पाणी ज्या फटीतून येते ती बांधातली फट शोधताना वाटावे तसे कुतूहल त्याला वाटले. पाणी येते आहे हे नक्की. कोठून येते ते बघायचे.

त्याने आधी दाजीला विचारले. मुकादमाला मिठाचे कळणार, हे उघडच होते.

दाजी ओटीवर तंबाखू चोळत होता. "जुनं मीठ हाडांत मुरतं," तो म्हणाला. "ते बारा महिने वर येतं. माझ्या बापालाही पावसात चढायचं."

"मग बायकांना?"

"बायकांना काय?"

"वेणू माज्या बरोबरीनं टोपल्या वाहते. तिच्याही हाडांत मुरलं असंल. तिला कदी चढल्याचं ऐकलं नाय."

दाजीला या मुलखातल्या कोणी असे काही विचारले नव्हते. त्याने चिमूट तोंडात टाकली आणि मान मागे टाकून हसला. "अरे काश्या, बायकांचं मीठ तोंडावाटे निघतं. दिवसभर बडबड, दिवसभर रडारड. अंगात राहील कुठलं?"

ही दाजीची कुचेष्टा होती. काशीराम मात्र ती ऐकून तडक उठला आणि घरी आला.

वेणू चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. तो तिच्यासमोर पाटावर बसला. जेवणाखेरीज तो तिथे कधी बसत नसे, म्हणून तिने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिले.

"प्यालात?"

"नाय. विचारायचंय. मालू गाडीत बसली तवा तुला काय झालं?"

"काय व्हायचं? रडले."

"रडायच्या अगोदर. घशात काय झालं?"

"कसला परश्न हा!" पण तिने विचार केला. "घसा दाटला. हितं गोळा आला. डोळे झोंबायला लागले. छाती भरली, हात गळाले. मग रडले."

"नि मग?"

"मग काय, हलकं झालं. पाव्हण्यांची भांडी पडली होती, ती घासली."

"माजंबी हेच झालं," तो म्हणाला. "घसा, डोळे, छाती. हेच, ह्याच जागी. पुढचं ते रडायचं तेवडं झालं नाय. म्हणून मी समजलो मीठ."

तव्यावरची भाकरी करपू लागली होती. वेणूने ती उलटली नाही. वाट चुकलेल्याला हे कोणते गाव आहे ते सांगावे तशी ती म्हणाली, "अवो, तुमाला रडू येत होतं."

"रडू?"

"रडू. मालू चालली त्याचं वायट वाटत होतं तुमाला."

मग ती हसू लागली, आणि हसता हसताच तिला राग आला. "एवडी वर्सं ह्या घरात मी एकटीच रडते असं समजत आले. माजी आय गेली, तुमी प्यायला गेलात. बैल गेला, प्यायला गेलात. मी म्हणायची, ह्या माणसाला काळीज नाय. तोंड होतं ना तुमाला? इचारायचं तरी, वेणू, हे काय होतंय म्हणून!"

"मला ठाऊक होतं ना काय होतंय ते," काशीराम म्हणाला. "मीठ."

त्या दिवसापासून त्या घरात एक विलक्षण अभ्यास सुरू झाला. काशीरामला काही वाटले की तो वेणूकडे येई, शरीरात कुठे काय होते ते सांगे, आणि वेणू त्याला नाव देई. सांगणे त्याला चांगले जमे. उणीव होती ती नावाची. एकदा त्याने पोटात खड्डा पडल्याचे आणि डोके गरगरल्याचे मोठ्या गांभीर्याने वर्णन केले. वेणूने ऐकून घेतले आणि म्हणाली, "ही भूक. हात धुवा, वाढते." दुसऱ्या वेळी बांध फुटला त्याचा ठपका दाजीने त्याच्यावर ठेवला होता.

"कान गरम झालेत. दात आवळले जातात. नि झोप येते."

"राग आलाय तुमाला."

"मी रागवत नाय कदी."

"रागावता. झोपून रागावता. शेजारचा विठू काठी घेऊन रागावतो, तुमी घोंगडी घेऊन."

हे त्याला फार नवे वाटले. तो दोन दिवस त्यावर विचार करत होता.

गावाला हे कळायला वेळ लागला नाही. दाजी त्याला बांधावर गाठून विचारी, "काय काश्या, मास्तरीणबाईंनी आज काय शिकवलं? रडू का हसू?" काशीराम सांगे, "आज लाज."

तो प्यायचा थांबला होता असे कोणी समजू नये. गौरी आल्या त्या दिवशी तो पिऊन आला. सकाळी वेणूने, आता शिरस्ता झाल्याप्रमाणे, विचारले, "अगोदर काय झालं?" त्याने पुष्कळ शोधले. राग नव्हता, रडू नव्हते, भीती नव्हती. "काय नाय," तो म्हणाला. "पाय तिकडं वळले. सवय असंल." हे उत्तर ऐकून वेणू निराश झाली, परंतु त्याने दिलेल्या साऱ्या उत्तरांत कदाचित हेच सर्वांत स्वच्छ होते. दारूची ओढ वर्षानुवर्षे पोसली की ती स्वतःच्या पायांवर उभी राहते. मग तिला आत कुठल्या दुःखाची गरज उरतेच असे नाही. नाव कळल्याने ओढ जात नाही. नाव कळल्याने माणूस ओढ आणि दुःख यांत फरक करू लागतो, आणि तो फरक करताना तेवढा वेळ थांबतो. काही वेळा तेवढे थांबणे पुरत असे. काही वेळा पुरत नसे.

नवरात्र सरले. मालूला सातवा लागला. आता आणायचे तर लगेच आणायला हवे होते.

"तू जा," काशीराम म्हणाला. "तिला सांग, बाला रडू येत होतं."

"मी नाय सांगायची," वेणू म्हणाली. "मी सांगितलं तर ती म्हणंल, आय नवऱ्याची बाजू घेते. तिनं तुमाला विचारलंय. तुमचं तुमी सांगा."

तो गेला. उरणच्या मोटारीत बसून त्याने काय बोलायचे ते जुळवले, आणि मोटारीतून उतरून गावापर्यंत चालत जाईतो ते सगळे विसरला.

गंगाबाई अंगणात सुकट निवडत होती. तिने मान वर केली. "या व्याही, या. आज शुद्धीवर वाट सापडली वाटतं?"

"सापडली," काशीराम म्हणाला.

मालू ओटीवर सूप घेऊन बसली होती. ती अंगाने भरली होती आणि तोंडाने सुकली होती. ती उठली नाही, पाण्याचा तांब्याही तिने पुढे केला नाही. तो गंगाबाईनेच आणून ठेवला आणि पुढचे काही चुकू नये म्हणून दाराशीच बसकण मारली.

"विचारलं होतंस," काशीराम म्हणाला.

"विचारलं होतं. श्रावणात."

"तू गाडीपाशी उभी होतीस. हिरवं लुगडं होतं. एक हात बैलाच्या पाठीवर ठेवला होतास, तो बैल मारका हाय, मी म्हणणार होतो, हात काढ. तवा माजा घसा बंद झाला. बोलता येईना. मला वाटलं मीठ चढलं. ढिगामागं गेलो, तिथं ठेवलेली होती. एक घोट घेऊन यायचं, नि हात द्यायचा, असं होतं मनात. घोटानं उतरलं नाय. मग आणीक घेतली. ते मीठ नव्हतं. रडू होतं. तुज्या आयनं सांगितलं."

दाराशी गंगाबाईला हसू आवरेना. "अगो बाय! बाप्याला रडू येतं ते बायकोनं सांगावं लागतं!"

मालू हसली नाही. तिचे डोळे बारीक झाले. "आयनं सांगितलं," ती हळू म्हणाली. "म्हंजे आयनं पढवून पाठवलंय तुला. मला न्यायचं म्हणून."

काशीरामला हे उत्तर अपेक्षित नव्हते.

"बरं," मालू म्हणाली, "आता सांग. आता आय नाय हितं. आत्ता काय होतंय तुला?"

काशीरामने खाली पाहिले. त्याला घाई करता येत नव्हती. कामच तसे होते. गंगाबाईने तोंड उघडले, पण मालूने हात वर करून तिला थांबवले, आणि सासूही मुकाट्याने थांबली.

"हात गार पडलेत," तो म्हणाला. "गुडघ्यांत बळ नाय. उठून पळावं असं होतंय. पोटात हलतंय काय तरी." त्याने आणखी थोडा वेळ पाहिले. "भीती असंल बहुतेक. तू नाय म्हणशील त्याची. पण नक्की नाय सांगता येत. रागाचं निराळं असतं, कान तापतात, ते नाय. आयला विचारलं पायजे."

पढवलेला माणूस 'बहुतेक' म्हणत नाही, आणि ज्याला काहीच वाटत नाही तो स्वतःच्या पोटात असा शोधत बसत नाही, इतके मालूला त्या क्षणी समजले असावे. लहानपणापासून ज्याला ती बाप म्हणत होती त्याच्या आत काय आहे हे तिने कधी पाहिले नव्हते. आणि त्यानेही पाहिलेले नव्हते, ही गोष्ट तिला आता नव्याने कळत होती. तिने सूप बाजूला ठेवले, कमरेवर हात देऊन उठली आणि सासूला म्हणाली, "आत्या, माजं गाठोडं बांधायला हात लावा."

"जातेस?"

"जाते." मग बापाकडे वळून ती म्हणाली, "येते मी. पण एक सांगते. बाळंतिणीच्या खोलीत पिऊन आलास तर आयला सांगून तुला बाहेर काढीन."

"काढ," काशीराम म्हणाला.

गाठोडे त्याने डोक्यावर घेतले. मोटारीच्या थांब्यापर्यंतची वाट खाजणाच्या कडेने होती. मालू पुढे, तो मागे, असे ते सावकाश चालले. एका वळणावर तिवरांतून धुराचा आणि हातभट्टीच्या उकळत्या गुळाचा ओळखीचा वास आला. काशीराम उभा राहिला. मालूला मागची पावले थांबल्याचे कळले. ती वळली.

"काय झालं?"

आजवर त्याला हे नेहमी पिऊन झाल्यानंतर विचारले गेले होते.

"प्यावंसं वाटतंय," तो म्हणाला.

मालूचा चेहरा उतरला. तिने वासाच्या दिशेने पाहिले, मग त्याच्याकडे. तो हललेला नव्हता.

"कशामुळं?" तिने विचारले.

"ठाऊक नाय. तू येतेस त्याचा आनंद असंल. नायतर मघाची भीती उरली असंल. नायतर नुसती सवय."

"तिन्हींतलं कुठलं?"

"तेच बघतोय."

मालूने दूर रस्त्याकडे नजर टाकली. मोटार अजून दिसत नव्हती. तिने चार पावले मागे येऊन त्याच्या डोक्यावरचे घसरलेले गाठोडे सरळ केले. "मग चालता चालता बघ," ती म्हणाली. "नि सापडलं की मला सांग."

तो चालू लागला. ती आता त्याच्या बरोबरीने चालत होती. थोडे अंतर गेल्यावर तो म्हणाला, "पयलं छातीत. जड नाय. हलकं हाय, पण टिकत नाय," आणि मालू चालता चालता मान त्याच्याकडे झुकवून ऐकू लागली.